सालीपासून शिरेपर्यंत

उभ्या जन्मात दारूला न शिवलेली बाई केमो घेऊन मिरजेहून रहिमतपूरच्या गाडीत बसते. तिला गरगरतं, जीभ जड होते. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. असतोही. पण त्या दिवशी पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसिटॅक्सेल चढवलं असेल, तर सलाइनसोबत मद्यार्कही शिरेत गेलेला असतो. त्याचं कूळ शोधत गेलं की आपण एका नंदुरबारकरापाशी पोचतो.

मनसुख वाणी नंदुरबारचे, जन्म 1925 चा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले. यू वृक्षाची साल 1962 मध्ये गोळा झाली, रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल आणि वाणी यांनी तिच्यातल्या टॅक्सॉलची, म्हणजे आजच्या पॅक्लिटॅक्सेलची, रचना 1971 मध्ये मांडली, 1992 मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. हा इतिहास सर्वश्रुत आहे. मला थबकवलं ते सुरुवातीच्या कृतीनं. टॅक्सॉल सालीतून बाहेर काढलं ते मद्यार्कानं. पुढे पाणी आणि क्लोरोफॉर्म यांत वाटणी केली, तेव्हा ते पाण्याला सोडून क्लोरोफॉर्ममध्ये गेलं. बारा किलो वाळल्या सालीतून हाती आलं जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि तेही पाण्याशी न जमणारं. आजच्या गुंगीचं मूळ मी तिथंच मानतो.

कारण शिरेत द्यायचं तर औषध द्रवात विरघळायला हवं. पॅक्लिटॅक्सेलच्या नेहमीच्या कुपीत दर मिलिलिटरला औषध 6 मिलिग्रॅम. बाकी जवळपास निम्मा मद्यार्क आणि निम्मं क्रेमोफोर. हे क्रेमोफोर म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेलं एरंडेल! बांधावरच्या एरंडाचं तेल असं या औषधात शिरलं. क्रेमोफोर पीव्हीसीच्या पिशवीतलं प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन ओढून घेतं, म्हणून हे औषध काचेच्या बाटलीतून किंवा वेगळ्या पिशवीतून देतात. 280 मिलिग्रॅमचा डोस धरा: सुमारे 47 मिलिलिटर द्रव, त्यात 18 ग्रॅम मद्यार्क. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये 10 ग्रॅम असतो. म्हणजे जवळजवळ दोन पेग. ते तीन तासांत सावकाश जातात आणि यकृत तोवर बरंचसं निपटतं, म्हणून बहुतेकांना फारसं जाणवत नाही.

कुणी म्हणेल, हा औषध बनवणाऱ्यांच्या सोयीचा मामला आहे, झाडाला कशाला दोष? मला हे पटत नाही. अंगणातली सदाफुली पाहा. तिच्यातलं व्हिनक्रिस्टिनही कॅन्सरवरच चालतं, पण त्याचा सल्फेट क्षार बनतो आणि तो पाण्यात सहज विरघळतो. टॅक्सॉलचा असा क्षार बनत नाही. त्याच्या अंगचाच हा स्वभाव.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: ही गुंगी ॲलर्जी टाळायला आधी दिलेल्या अविल या औषधाची. अविलनं झोप येते, हे खरंच. पण जून 2014 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं पॅक्लिटॅक्सेलच्याच कुळातल्या डोसिटॅक्सेलमुळे दारू चढल्यासारखी लक्षणं दिसू शकतात, असा इशारा दिला. वेगवेगळ्या उत्पादकांच्या 200 मिलिग्रॅम डोसमध्ये मद्यार्क 2 ग्रॅमपासून 6.4 ग्रॅमपर्यंत होता. औषध एकच, मद्यार्क तिपटीहून जास्त! सगळं अविलच्या माथी मारून हे सुटत नाही. माझ्या मते दोघांचा भार एकाच मेंदूवर पडतो.

औषधातल्या मद्यार्कावर आपल्याकडे कोर्टकज्जाही झाला आहे. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा औषधांनाही लागू होत होता. 1951 मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तेवढा भाग रद्द केला. तिथं प्रश्न मद्यार्कवाली औषधं बाळगण्याचा आणि वापरण्याचा होता. शिरेतून जाणाऱ्या मद्यार्काचा विचार तेव्हा कुणी करण्याचं कारणच नव्हतं.

मद्यार्काशिवायची वाट 2005 मध्ये निघाली: पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधून. ते महाग पडतं, म्हणून जुनी कुपी अजून चालते. तेव्हा दारू सोडलेल्या माणसानं, यकृताचा त्रास असणाऱ्यानं किंवा मेट्रोनिडॅझोल घेणाऱ्यानं सलाइन लागण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं, आपल्याला देणार त्या कुपीत मद्यार्क किती तेही विचारावं. आणि परतताना मोटारसायकल दुसऱ्याच्या हाती द्यावी.