नळदुर्गची वाट : लोखंडी धावेपासून पिकअपच्या टायरपर्यंत

नळदुर्ग बोरी नदीच्या काठी, सोलापूरच्या पूर्वेस सुमारे ४५ किलोमीटरवर, पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या जुन्या वाटेवर वसले आहे. आदिलशाहीत सतराव्या शतकाच्या आरंभी येथील किल्ल्यात बोरीच्या पाण्यावर बांध घालून पाणी महाल उभारला गेला. गावाचे नाव निघाले की तोच आठवतो, पण गावाचा रोजचा व्यवहार मात्र वाटेवर चालत आला. रेल्वे येथे कधीच आली नाही. धान्य, मीठ, कापड, ऊस, द्राक्षे जे काही आले-गेले ते चाकावरून, आणि ते चाक कशाने मढवलेले आहे यावर माल किती न्यायचा व किती लांब न्यायचा हे ठरत असे.

पहिली काही शतके चाकाला लोखंडी धाव होती. सुतार बाभळीचे चाक घडवी, मधला तुंबा, त्यात आरे आणि कडेने लाकडी तुकड्यांची वर्तुळाकार जुळणी. मग लोहाराचे काम सुरू होई. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवत, आगीत लाल करून फुगवत आणि चाकावर चढवताच पाणी ओतत. लोखंड आकसले की सगळे सांधे आवळले जात. ही रीत अतिशय हुशारीची होती; खिळ्यांपेक्षा हा ताणच चाक एकत्र धरून ठेवी. दोष होता तो धावेच्या अरुंदपणात. सगळा भार दोन-अडीच बोटांच्या पट्टीवर येई. पावसाळ्यात काळ्या रानात ती पट्टी रुते, मुरमाच्या रस्त्यावर खोल चाकोऱ्या पाडी.

१८५३ च्या तहानुसार निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तेव्हा उपायुक्त म्हणून आलेला मेडोज टेलर नळदुर्गच्या किल्ल्यातच राहिला. १८५७ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत त्याने जमिनीची मोजणी, तलाव आणि रस्ते ही कामे हाती घेतली. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला आणि त्याच सुमारास आगगाडी सोलापूरला पोहोचली. पुढे १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबई-हैदराबाद वाहतूक रुळांवर गेली. नळदुर्गच्या वाटेवर उरले ते सोलापूरच्या बाजारपेठेकडे जाणारे गाडे, तुळजापूरचे यात्रेकरू आणि निजामाच्या करोडगिरी (जकात) नाक्यांवर थांबणारा माल. या वाटेला पुन्हा दिवस आले ते रबरामुळे.

चार्ल्स गुडइयरने गंधकाबरोबर रबर तापवून ते टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ मध्ये घेतले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉपने हवा भरलेला टायर सायकलसाठी बनवला. त्याच्याही आधी, १८४० च्या दशकात, स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने अशा टायरचे पेटंट घेतले होते, पण तेव्हा ते चालले नाही. हवेच्या टायरने भार रुंद पट्ट्यावर पसरवला आणि खाचखळग्यांचा धक्का गिळला. त्यामुळे ज्या रस्त्यावर धाव अडखळत होती तेथे मोटार धावू शकली. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली आणि हैदराबाद संस्थानात मोटार हे सरकारी प्रवासाचे साधन झाले. १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाला, आणि टायर देशातच बनू लागले. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर रबराचा मोठा स्रोत तुटला व टायर नियंत्रणाखाली आले. घासून गोटा झालेला टायरही फेकण्याची सोय उरली नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबादवरील पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी, सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने बोरीवरील पूल शाबूत ताब्यात घेतला आणि नळदुर्ग जिंकले. सेनेची मुख्य चढाई याच रस्त्याने झाली. पूल उडाला असता तर भर भाद्रपदात नदी ओलांडणे अवघड झाले असते. रणगाड्यांमागून जीप आणि लष्करी ट्रक गेले. जीपचा ६.००-१६ मापाचा, खोल खाचांचा टायर पुढे मराठवाड्याच्या मातीच्या वाटांवर वर्षानुवर्षे दिसत राहिला. मुंबईत महिंद्राने विलीज जीप जोडण्यास स्वातंत्र्याच्या सुमारास आरंभ केला होता, आणि आजच्या पिकअपचे घराणे तेथूनच निघते.

बैलगाडीनेही रबर स्वीकारले. हवेचे टायर व बेअरिंग लावलेल्या गाडीला लोक ‘डनलॉप गाडी’ म्हणत. पुढे साखर कारखाने आले. नळदुर्गला तुळजाभवानी शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊसतोडीच्या हंगामात टायरगाड्यांच्या रांगा नेहमीच्या झाल्या. धावेच्या गाडीत जेमतेम टनभर माल मावे, टायरगाडीत दीड-दोन टन ऊस भरता येई. डांबरी रस्ता कापला जात नसे, म्हणून रस्ते बांधणाऱ्यांनाही तीच हवी होती. फायद्याची बाजू सांगताना बैलांचे ओझे वाढले हेही सांगितले पाहिजे. चाक हलके झाले, पण त्या हलकेपणाचा वाटा बैलांना मिळालाच नाही.

ट्रकच्या टायरचा इतिहास हा मुख्यतः उष्णतेशी झालेल्या झगड्याचा आहे. चालताना टायरची बाजू दर फेऱ्याला दबते व सुटते, त्यातून उष्णता निर्माण होते. भार जास्त किंवा हवा कमी असेल तर ती झपाट्याने वाढते आणि अखेर रबर आतल्या थरांपासून सुटते. मेमधल्या तापलेल्या डांबरावर हा धोका सर्वाधिक. आतले थर पूर्वी सुती धाग्याचे असत, नंतर नायलॉनचे आले. नायलॉन दणकट, दगडाच्या फटक्याला आणि जादा भाराला पुरून उरणारे. ट्रकवाल्यांनी पुढच्या चाकांना सरळ रेघांचा ‘रिब’ आणि मागच्या चाकांना खोल आडव्या खाचांचा ‘लग’ टायर लावण्याची रीत पाडली. पुढच्याने दिशा धरायची, मागच्याने ओढायचे. टायर घासला की बॉडी चांगली पाहून त्यावर रिमोल्ड, म्हणजे रबराचा नवा थर, चढवत. एसटीच्या कार्यशाळांतही टायर पुनःस्तरणाचे काम चालत आले आहे.

मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो, म्हणून तो कमी तापतो व जास्त टिकतो. भारतात १९७० च्या दशकात रेडियल बनू लागले, तरी ट्रकवर त्यांचा प्रसार फार उशिरा झाला. महाग टायर फुटक्या रस्त्यावर आणि दुप्पट भाराखाली बाजूने चिरला तर सगळे पैसे बुडत. रस्ता सुधारल्यावर हे गणित बदलले. २०१० मधील फेरक्रमांकनात जुना राष्ट्रीय महामार्ग ९ येथे क्रमांक ६५ झाला, पुढे तो चौपदरी झाला आणि वेग वाढला.

याच काळात माल ट्रकमधून पिकअपमध्ये उतरला. २००५ मध्ये टाटा एस आली, महिंद्राचे बोलेरो पिकअप गावोगाव पोहोचले. तुळजापूर तालुक्यातील भाजीपाला व द्राक्षे रात्री भरून पहाटे सोलापूरच्या बाजारात किंवा हैदराबादकडे नेणे एका शेतकऱ्याला शक्य झाले. अशा गाडीचा टायर निवडणे सोपे नाही. शेतातून निघताना काळी माती, पुढे मुरूम, मग महामार्गाचा वेग, आणि भार सतत काठोकाठ. टाटा एसला १४५ आर १२, मोठ्या पिकअपला २१५/७५ आर १५ अशी मापे येतात. मापापुढे भाराचा अंक व वेगाचे अक्षर असते. मालवाहू गाडीसाठी भाराचा अंक नक्षीइतकाच महत्त्वाचा, कारण त्याच मापाचा मोटारकारचा टायर हा भार पेलत नाही.

निवडीत ऋतूचाही विचार येतो. अमेरिकेत १९७७ मध्ये गुडइयर कंपनीने ‘टिएम्पो’ हा सर्व ऋतूंचा टायर आणला. बर्फासाठी दरवर्षी टायर बदलण्याचा त्रास त्यामुळे टळला. नळदुर्गला बर्फ नाही, रबर कडक व्हावे इतकी थंडीही नाही. येथे सर्व ऋतूंचा टायर म्हणजे मेचा ताप सोसणारा आणि पहिल्या पावसात तेलकट, ओल्या रस्त्यावर पकड न सोडणारा. पाणी बाहेर फेकण्याचे काम खाचा करतात. म्हणूनच कायद्याने चारचाकीच्या टायरवर निदान १.६ मिलिमीटर खोली उरलेली असावी लागते, आणि गोटा टायर उन्हाळ्यात निभावला तरी जूनमध्ये जिवावर उठतो. २००९ च्या आदेशाने वाहनांच्या टायरला भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. बाजूवरच्या चार आकडी शिक्क्यात पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात, त्यामुळे दुकानात पडून जुना झालेला माल ओळखता येतो.

महामार्गावरून उतरलेला टायर लगेच भंगारात जात नाही. बॉडी शाबूत असेल तर तो रिमोल्ड होतो, नाहीतर ट्रॉली किंवा बैलगाडीला लागतो, जेथे वेग कमी आणि अंतर थोडे असते. तेथूनही निघाला की त्याचा पुनर्वापर कारखान्यांत होतो. २०२२ पासून त्याची जबाबदारी नियमाने टायर उत्पादक व आयातदारांवर टाकली आहे.