तपासणी कोणाची?

मुळशी तालुक्याचे ठाणे असलेल्या पौडला शिक्षकांपुढे प्रजननसंस्थेवर बोलण्याचा योग मध्यंतरी आला. नंतर चहाच्या वेळी एक बाई म्हणाल्या, "सर, आमच्या वहिनीच्या तीन वर्षांत सगळ्या तपासण्या झाल्या, नवसही झाले. भावाला मात्र एकदाही कोणी डॉक्टरांकडे नेलं नाही." भाऊ भट्टीवर काम करतो आणि तंबाखू खातो, हेही त्यांनी सांगितले. मी फळ्यावर शुक्रजंतूची सुबक आकृती काढली होती. या प्रश्नाला मात्र हात घातला नव्हता.

पुरुषातही दोष असू शकतो, हे आपल्याकडे अज्ञात नव्हते. चरकसंहितेत शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत आणि त्यांची कारणे आहारविहारातही शोधली आहेत. घरात मात्र मूल नसले की पुरुषाचे दुसरे लग्न होई. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा आला तो १९४६ साली. दुसरीलाही मूल झाले नाही, तर खरे म्हणजे तो एक पुरावाच होता. पण दोन्ही बायका वांझ ठरत.

मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला त्याच १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून ते वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देऊ लागले. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर १९३४ साली खटला झाला, वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. शंकेचे उत्तर छापणे हाच जेथे गुन्हा, तेथे पुरुष आपले वीर्य तपासायला कसा देणार?

पुरुष आपापसांत बोलू लागले तर काय होते, हे १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे दिसले. तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यात एकाच विभागातील कामगारांच्या लक्षात आले, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नाही. त्यांनी स्वतः तपासणीचा आग्रह धरला. अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू फार थोडे आढळले, काहींच्यात मुळीच नव्हते. कारण होते डीबीसीपी, म्हणजे पिकांच्या मुळांवरील सूत्रकृमी मारणारे रसायन. त्याने उंदरांची वृषणे आक्रसतात, हे १९६१ सालीच छापून आले होते! सोळा वर्षे ती माहिती कामगारांपर्यंत पोचली नव्हती. भारतात या रसायनावर १९८९ साली बंदी आली.

वृषणे शरीराबाहेर असतात, कारण शुक्रजंतू तयार होण्यास शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते. एक शुक्रजंतू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, असे हेलर आणि क्लेर्मां यांनी दाखवले. म्हणून आजच्या तापाचा परिणाम पुढच्या महिन्यांत दिसतो आणि बहुधा भरूनही निघतो. डीबीसीपी मात्र मूळ पेशींनाच मारते. त्यामुळे काही कामगारांत काम सोडल्यावरही शुक्रजंतू परतले नाहीत.

तंबाखूचे काय? मुंबईत वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या ६३८ पुरुषांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू चघळण्याचे प्रमाण जितके जास्त, तितकी वीर्याची प्रत खालावलेली होती. पण हे सगळे दवाखान्यात आलेले पुरुष होते, हे वर्गात सांगताना विसरू नये. कोपनहेगनच्या संशोधकांनी १९९२ साली ६१ पाहण्या एकत्र करून, पन्नास वर्षांत शुक्रजंतूंची सरासरी मिलिलिटरला ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आल्याचे मांडले. त्यावरही हाच आक्षेप आला: वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या कारणांनी तपासलेले पुरुष एका ओळीत बसवता येतात का? त्यानंतरच्या मोठ्या आढाव्यांतही घट दिसली. वाद मात्र मिटलेला नाही.

बाईंना मी पत्र लिहिले. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण थोडेफार तरी असते. वीर्यतपासणी स्वस्त आहे आणि ती वेदनारहितही आहे. त्याआधी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो आणि एका अहवालावर निकाल देऊ नये. भट्टी किंवा तंबाखू हेच कारण असे मी येथून म्हणू शकत नाही; फुगलेल्या शिरा, लहानपणीचे गालगुंड, आनुवंशिक दोष, काहीही असू शकते, आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. तंबाखू सोडली, तर पुढची तपासणी तीन महिन्यांनी करावी. वहिनींच्या नव्या तपासण्या मात्र तूर्त थांबवाव्यात, आणि भावाचा अहवाल हाती आल्यावर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे.