अंबाजोगाईत एक दिवस

अंबाजोगाईला आपण जातो ते योगेश्वरी आईच्या दर्शनाला. ओटी भरतो, प्रदक्षिणा घालतो, लेकरांना हत्तीखान्यातले दगडी हत्ती दाखवतो आणि दुपारच्या आत परळीचा रस्ता धरतो. त्या हत्तींची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. परळीच्या वैजनाथाशी आईचे लग्न ठरले, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागीच दगडाचे झाले आणि आई कुमारिका राहिली. हत्तीखाना म्हणजे खडकात कोरलेली लेणी, पण ही कथा ऐकल्यावर पोरे हत्तीच्या अंगावरून हात फिरवल्यावाचून हलत नाहीत.

घरची जाणती माणसे बरोबर असतील आणि सबंध दिवस हाताशी असेल, तर परळीची घाई करू नका. बालाघाटाच्या कपारीत मुकुंदराजांची समाधी आहे. गावात दासोपंतांची आहे. या दोन्ही ठिकाणी आपला वारकरी क्वचितच थांबतो. आमच्या आक्काने तर वाटेतच विचारले होते, “एक नाथपंथी, दुसरे दत्तभक्त. मग हे आपले नव्हेत ना रे?” तिच्या गळ्यातली माळ चाळीस वर्षांची आहे, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. असा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो.

माऊलींची गुरुपरंपरा कोणती? निवृत्तिनाथ, त्यांच्या आधी गहिनीनाथ. त्या गहिनीनाथांचा गड याच बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडे आहे. नाथमहाराजांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावरचे दत्तोपासक. आणि नाथांच्या काळातल्या ज्या पाच जणांना ‘एकनाथपंचक’ म्हणतात, त्यांत बीडचे जनी जनार्दन आहेत आणि अंबाजोगाईचे दासोपंतही आहेत. आपल्या दिंडीची वाट ज्यांच्या अंगणातून गेली, त्यांना परके कसे म्हणायचे?

आता मुकुंदराजांकडे चला. समाधी गावाबाहेर, दरीच्या अंगाला आहे. म्हातारी माणसे बरोबर असतील तर ऊन चढण्याआधी जा. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला, अठरा प्रकरणांचा. वेदान्तातले जीव, ब्रह्म, माया हे विषय त्यांनी संस्कृत न येणाऱ्या माणसासाठी मराठीत मांडले. ग्रंथाच्या शेवटी शक दिला आहे १११०, म्हणजे इ.स. ११८८. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. मधे एकशे दोन वर्षे. म्हणून मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हणतात.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. हा शक सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. आज हाती असलेल्या पोथ्यांची भाषा त्या मानाने अलीकडची वाटते, असा आक्षेप आहे. समाधीबद्दलही दोन दावे आहेत. विदर्भात वैनगंगेकाठचे आंभोरेही मुकुंदराजांचे स्थान सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून ‘पहिला कोण’ हा वाद पारावरसुद्धा रंगतो. माझ्या मते वारकऱ्याने त्यात शीण करू नये. मुकुंदराज आधीचे ठरले म्हणून ज्ञानोबाराय धाकटे होत नाहीत आणि नंतरचे ठरले म्हणून विवेकसिंधूतला विवेक आटत नाही.

मुलांना मात्र खरा जीव लागतो तो दासोपंतांच्या पासोडीला. पासोडी म्हणजे जाड सुती पांघरूण, हे आजीला सांगावे लागत नाही, नातवाला लागते. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. पाच महाभूते एकमेकांत मिसळून ही दिसणारी सृष्टी कशी झाली, त्याचा हा विचार. प्रत्येक स्थूल भुतात निम्मा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा एकेक अष्टमांश. घरातल्या पोराला बोटांवर हिशोब करायला लावा: अर्धे अधिक चार अष्टमांश, बरोबर एक. पोथीचे पान एका वेळी एकालाच दिसते. पासोडी अंथरली की भोवती दहा जण बसून बोट ठेवून विचारू शकतात. दासोपंतांनी कापड निवडले ते यासाठीच असावे असे मला वाटते, आणि त्यांच्या लिहिण्याचा झपाटाही तसाच होता. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानतात. रोज ढबू पैशाची शाई लागे, असे सांगतात.

त्यांचे बालपण ऐकले की तुम्हाला मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतील. वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळात सारा थकला, बेदरच्या बादशहाने वसुलीसाठी मुलगाच ओलीस ठेवून घेतला. मुदत संपता संपता दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या वेषात येऊन रक्कम भरली, अशी कथा आहे. दामाजींसाठी विठोबाने विठू महार व्हावे आणि दासोपंतांसाठी दत्ताने पाडेवार! दोन्हीकडे बेदर, दोन्हीकडे दुष्काळ, दोन्हीकडे देव आला तो गावच्या बलुतेदाराच्या रूपात. त्या काळी पाऊस दगा देई तेव्हा काय बेतत असे, हे दप्तरांपेक्षा या कथांनी जास्त जपले आहे. सुटका झालेला तो मुलगा पुढे घर सोडून माहूरला गेला, गोदाकाठी राक्षसभुवनला राहिला आणि शेवटी अंबाजोगाईत स्थिरावला. माघ वद्य षष्ठी, शके १५३७ ही त्यांची पुण्यतिथी. जमल्यास तोच दिवस साधा.

गाव सोडण्याआधी खोलेश्वराच्या देवळात जरूर जा. खोलेश्वर हा यादव राजा सिंघणाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. भावाच्या आठवणीसाठी बहीण लक्ष्मीने इथे देऊळ बांधले. शके ११६२ च्या, म्हणजे इ.स. १२४० च्या शिलालेखात ही हकिगत आहे. ज्ञानोबा-मुक्ताईच्या जन्माआधीची ही बहीण. आक्का त्या देवळात बराच वेळ बसून होती. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मी, बाहेर चपला सांभाळत उभा होतो. परळी तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. संध्याकाळच्या आरतीला आम्ही आरामात पोहोचलो.