गळ

साल 1970. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, अचाफलाया नदीच्या दलदलीत तुम्ही छातीभर पाण्यात उतरला आहात. सायप्रसची झाडं पाण्यातच उभी आहेत, फांद्यांवरून स्पॅनिश मॉसच्या राखाडी जटा लोंबताहेत. पाणी कोऱ्या चहासारखं. बुडी मारा, पण तळाला पाय लावू नका. गाळ ढवळला की काही दिसायचं नाही.

समोरचा शेवाळलेला दगड नीट बघा. तो तोंड उघडतोय.

हे अ‍ॅलिगेटर स्नॅपिंग कासव. अजून लहान आहे, तुमच्या पंजाएवढं. पाठीवर मगरीसारख्या टोकदार उंचवट्यांच्या तीन ओळी. डोळ्यांभोवती मांसल झालर, त्यामुळे डोळा चटकन सापडत नाही. तोंडाची आतली बाजू काळपट, ठिपक्याठिपक्यांची, गाळात मिसळून गेलेली. आणि त्या काळोखात एक गुलाबी गांडूळ वळवळतंय.

आणखी जवळ जा. गांडूळ कसलं, जिभेचाच भाग तो! मधोमध जिभेला जोडलेला, दोन्ही टोकं मोकळी. रक्त उतरलं की त्याला रंग चढतो. बुडाचे स्नायू आखडले की कधी हे टोक हलतं, कधी ते. बाकी अंग जागचं हलत नाही. गळ टाकून बसलेल्या माणसाचं निदान मनगट तरी हलतं. आणि हे कासवाला कुणी शिकवलेलं नाही.

एक छोटा मासा घुटमळतो, पुढे सरकतो, टोच मारायला वळतो. जबडा मिटताना तुम्हाला दिसलाच नाही. पाण्यात दोन खवले तेवढे तरंगताहेत.

आता रात्र होऊ द्या. मोठी कासवं तळावरून चालत निघतात, मेलेल्या माशांचा वास काढत. यातले नर 80 किलोंपर्यंत वाढतात. पण आज वासाच्या टोकाला दोरी आहे, दोरीला गळ. कासवाच्या सूपला सध्या मोठी मागणी आहे. या राज्यात व्यापारी शिकारीवर बंदी यायला 2004 उजाडणार आहे, आणि मादी अंडी घालण्याच्या वयात यायलाच दहाहून जास्त वर्षं लागतात. आमिषाची एवढी जाण असलेला जीव आमिषालाच भुलावा, हे मला फार लागतं.

दोरी ताणली जाते. पहाटे नावेच्या काठाशी, बॅटरीच्या झोतात, एक मोठी मादी जबडा सताड उघडते. जिभेवरचं गांडूळ फिकट पडलंय. ते हलत नाही.