बंदुकीच्या दुकानाचा परवाना

खंडेनवमीला आपल्या घरांतून आजही तलवार, कट्यार, एखादी ठासणीची बंदूक पाटावर मांडली जाते. आम्हां ग्वाल्हेरकरांना त्यात नवल वाटत नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, म्हणून आपल्या वस्तीचे नाव लश्कर. पण ही हत्यारे विकायला कोणाची परवानगी लागते, आणि ती लागू लागली केव्हापासून, याची चर्चा घरात होत नाही.

1857 नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लावला. त्याला पक्के रूप दिले व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने, 1878 च्या शस्त्र कायद्याने. परवान्याशिवाय हत्यारे वा दारूगोळा बनवणे, विकणे, विक्रीसाठी मांडून ठेवणेही गुन्हा ठरला. पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यावर जगणाऱ्या लोहार-शिकलगारांच्या पोटावर पाय आला. युरोपियनांना मात्र हत्यार बाळगण्यासाठी परवान्याची अट नव्हती. सल होता तो याचा. 1887 च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. लिटनचाच देशी वृत्तपत्रांवरचा कायदा रिपनने 1882 मध्ये रद्द केला, शस्त्र कायद्याला मात्र हात लावला नाही. कारण उघड आहे. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड 1879 चे, ते सरकार विसरले नव्हते.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे ही संस्थाने त्याबाहेर. तरी ब्रिटिश मुलखातून संस्थानात हत्यारे न्यायची तर इंग्रजांचा परवाना हवाच. दरबार आपला, पण वाट साहेबाची! ही वाट चुकवून पिस्तुले आणणारेही निघाले. सावरकरांनी लंडनहून धाडलेली ब्राउनिंग पिस्तुले सामानात लपवून आली, आणि 1909 च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सन त्यांतल्याच एकाने मारला गेला.

स्वतंत्र भारताने जुना कायदा मोडून 1959 चा कायदा केला. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलात आला. परवाना राहिला, किंबहुना कक्षा वाढली. कलम 5 प्रमाणे विक्रीलाच नव्हे, दुरुस्तीला आणि चाचणीलाही परवाना लागतो. अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. परंतु एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवायची, आणि त्यावर अपीलही आहे. लिटनच्या काळी रयतेला असले काही कोण देणार होते?

दुकानदारावरचा भार मात्र जबर. हिशेबाच्या वह्या चोख हव्यात. समोरचा माणूस हत्यार बाळगण्यास पात्र आहे, याची खात्री न करता ते त्याच्या हाती दिले तर दुकानदारच गुन्हेगार. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना विक्रीची शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप.

याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि त्यातून वारसा हक्काने आलेलीही सुटली नाही. आजोबांची, काकांची, शिवाय स्वतःची अशी तीन हत्यारे असलेल्या घरांना एक सोडावेच लागले. ते पोलीस ठाण्यात जमा करता येते, किंवा परवानाधारक दुकानदाराकडे. परवानाधारक वारला तरी वारसाने हीच वाट धरायची. म्हणून बंदुकीच्या दुकानात विक्रीच्या मालाशेजारी कित्येक घरांच्या जुन्या बंदुका नावाची चिठ्ठी लावून उभ्या असतात.

जुन्या घाटाची वा पुराणवस्तू ठरणारी, दुरुस्तीनेही न उडणारी बंदूक कायद्याच्या कचाट्यातून सुटते. तलवारीला परवाना लागतो तो सरकारने जाहीर केलेल्या भागापुरता. तेव्हा माळ्यावरची बंदूक भंगारात घालण्याआधी, किंवा कोणा ओळखीच्याला देऊन टाकण्याआधी, ती यांपैकी कशात बसते हे घरातल्या जाणत्यांनी तपासून घ्यावे. देऊन टाकणे हेही कायद्याच्या लेखी हस्तांतरच आहे.