नादाची वांटणी

छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील वेरूळ येथें चौतीस लेणीं आहेत. त्यांपैकीं दहावें लेणें हें बौद्धांचें चैत्यगृह असून तें इसवी सनाच्या सातव्या शतकांत खोदलें गेलें. लोकांनीं त्यास 'सुताराची झोपडी' असें नांव दिलें. कारण त्याच्या कमानदार छताला लांकडी वाशांसारख्या दगडी फांसळ्या कोरलेल्या आहेत. त्या दालनांत स्तूपासमोर उभें राहून कोणीं हलकासा स्वर लावला, तरी तो भिंतींवरून व छतावरून परतून सारें दालन भरून टाकतो. एका माणसाचा कंठ आणि भोंवतालचा दगड, एवढीच तेथील सामग्री. शक्ति अल्प, परंतु तिचा विनियोग चोख!

याच लेण्यांकडे येणाऱ्या रस्त्यावर एखादी मोटार अशीही जाते, कीं ती दिसण्यापूर्वींच तिचा धमधमाट छातींत जाणवतो. तिच्या डिकींत खर्जाचे स्वर काढणारे दोन किंवा चार मोठे कर्णे, म्हणजे सबवूफर, बसविलेले असतात व त्यांना एकच अँप्लिफायर शक्ति पुरवीत असतो. ही शक्ति त्या कर्ण्यांत वांटली जाते ती कोणत्या न्यायानें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ कारागिराचा वाटतो. पण त्याच्या पाठीमागें जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास उभा आहे.

त्याचा आरंभ जर्मनींत झाला. १८२७ सालीं गेओर्ग ओहम यानें विद्युद्दाब, प्रवाह आणि रोध यांचा परस्परसंबंध प्रसिद्ध केला. १८४५ सालीं गुस्ताव किर्खोफ यानें अनेक फांटे असलेल्या मंडलांत प्रवाह कसा विभागला जातो याचे नियम सांगितले. या दोघांच्या काळीं ध्वनिक्षेपक जन्मासही आला नव्हता. तरी आजच्या डिकींतील वांटणी त्यांच्याच कायद्यानें चालते.

पुढें १९१५ च्या सुमारास अमेरिकेंत पीटर जेन्सेन व एडविन प्रिडहॅम यांनीं मोठ्या आवाजाचा कर्णा सिद्ध केला. १९१९ सालीं सॅन डिएगो येथें अध्यक्ष विल्सन यांचें भाषण अशा कर्ण्यांतून हजारोंच्या समुदायानें ऐकलें. १९२५ सालीं राइस व केलॉग यांनीं आजच्या धर्तीचा ध्वनिक्षेपक जगापुढें मांडला. चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें व त्याला जोडलेला कागदी शंकु, अशी त्याची रचना होती. आपल्याकडे मुंबईच्या शिकागो रेडिओ या मोटवाने कुटुंबाच्या संस्थेनें राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरविले, आणि पुढाऱ्याचा शब्द मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचूं लागला.

मोठ्या सभेला एक कर्णा पुरत नाहीं, दहा लागतात. आणि तेथेंच वांटणीचा प्रश्न उभा राहिला. त्यावर यंत्रज्ञांनीं सुरेख तोड काढली. अँप्लिफायर पूर्ण शक्तीनें चालत असतां तारेवर शंभर व्होल्टांचा दाब यावा अशी योजना करावयाची आणि प्रत्येक कर्ण्याशीं एक लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवावयाचा. त्याला पांच, दहा, वीस वॅट अशीं निरनिराळीं टोकें असतात. ज्या टोकास तार जोडावी, तेवढाच वांटा तो कर्णा घेतो. शंभर वॅटांच्या यंत्रावर दहा वॅटांचे दहा कर्णे निर्वेध चालतात. सर्वांच्या मागणीची बेरीज दात्याच्या शक्तीपलीकडे जाऊं द्यावयाची नाहीं, एवढाच काय तो नियम.

मोटारींत मात्र ही सोय नव्हती. १९३० सालीं शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनीं मोटारींत बसवावयाचा रेडिओ बाजारांत आणला व त्यास 'मोटोरोला' हें नांव दिलें. १९५५ सालीं क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत सर्वस्वी ट्रान्झिस्टरांवर चालणारा रेडिओ आला. तथापि मोटारीची बॅटरी बोलून चालून बारा व्होल्टांची. एंजिन चालू असतांना दाब फार तर चौदा. एवढ्या दाबावर चार ओहम रोधाच्या कर्ण्यास साध्या जोडणीनें सहा वॅट व दुहेरी जोडणीनें सुमारें चोवीस वॅट, याहून अधिक शुद्ध शक्ति देतांच येत नाहीं. शक्ति वाढविण्याचे मार्ग दोनच उरले: दाब चढविणारें परिवर्तक अँप्लिफायरच्या पोटांत बसविणें, किंवा कर्ण्याचा रोध घटविणें. मोटारींतील यंत्रांनीं दोन्ही पत्करले. कर्णे चार, दोन, एक ओहमांचे झाले; आणि हजार वॅट काढावयाचे तर बॅटरीच्या तारेंतून सत्तर अँपिअरांहून अधिक प्रवाह वाहूं लागला.

आतां प्रत्यक्ष वांटणी पाहावी. दोन ओहमांच्या भारावर हजार वॅट देणारा एक अँप्लिफायर घेऊं या. त्याला चार ओहमांचे दोन कर्णे समांतर जोडले, तर एकंदर रोध दोन ओहम होतो व प्रत्येकास पांचशें वॅट मिळतात. तेच कर्णे एकसर, म्हणजे एकापुढें एक, जोडले तर रोध आठ ओहम होऊन एकंदर शक्ति अडीचशें वॅटांवर उतरते व प्रत्येकाच्या वांट्यास सवाशें वॅट येतात. कर्णे सारखे असतील तोंवर वांटणी सारखी. पण चार ओहमांच्या शेजारीं आठ ओहमांचा कर्णा समांतर बसविला, तर चार ओहमांचा कर्णा दुप्पट वांटा घेतो. एकसर जोडणींत हाच न्याय उलटतो. आणि चार ओहमांचे चार कर्णे हौसेनें समांतर जोडले, तर रोध एका ओहमावर येऊन यंत्राकडे दोन हजार वॅटांची मागणी होते. तें देण्याची त्याची ताकद नसल्यास तें तापतें, थांबतें किंवा जळतें. मागणारे वाढले म्हणून दात्याचें भांडार वाढत नाहीं, हें व्यवहारांतील सत्य येथें तारेच्या भाषेंत पुन्हां भेटतें.

परंतु या विषयांतील सर्वांत विस्मयकारक गोष्ट निराळीच आहे. एकाच कर्ण्यास दिलेली शक्ति दोघांत निम्मी निम्मी वांटली, तर आवाज तेवढाच राहील असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत खर्जाचा नाद वाढतो! अर्ध्या शक्तीनें शंकूची हालचाल निम्मी होत नाहीं. ती दहांतील सात हिस्से उरते. दोन शंकु एकाच वेळीं, एकाच दिशेस हलले म्हणजे सात आणि सात मिळून चौदा हिस्से होतात. हा लाभ तीन डेसिबेलांचा, म्हणजे शक्ति दुप्पट केल्याइतका असतो. चाळीस आवर्तनांच्या खर्ज स्वराची लहर सुमारें साडेआठ मीटर लांब असते. त्यामुळें शेजारशेजारचे दोन कर्णे तिच्या दृष्टीनें एकच असतात. मात्र यास एक अट आहे. एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर एक शंकु पुढें येतांना दुसरा मागें जातो, आणि दोघांचीही शक्ति खर्च होऊन खर्ज जवळजवळ नाहींसा होतो. भांडणाऱ्या दोघांपेक्षां एकटा बरा, तो असा!

हें गणित जाणणारा मनुष्य थोड्या शक्तींत पुष्कळ नाद मिळवितो. न जाणणारा केवळ वॅट वाढवीत सुटतो; आणि तेथें त्याची गांठ कानाच्या घडणीशीं पडते. शक्ति दसपट करावी तेव्हां कानास आवाज दुप्पट वाटतो. अर्थात् हव्यास दहा पावलें धांवतो, आणि समाधान दोनच पावलें चालतें.

याच हव्यासानें डिकींतील कर्णे ट्रकवर चढले आणि महाराष्ट्रांतील मिरवणुकींत कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. लोक त्यांस 'डॉल्बी' म्हणतात. हें नांव ज्यांच्यावरून आलें ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळांत युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतांत होते. १९६५ सालीं त्यांनीं लंडनमध्यें आपली प्रयोगशाळा स्थापिली. त्यांची कीर्ति झाली ती ध्वनिफितींतील खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळें. गोंगाट घटविणाऱ्याचें नांव गोंगाटास चिकटावें, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय? २००० सालच्या केंद्रीय नियमांनीं निवासी भागांत दिवसा पंचावन्न व रात्रीं पंचेचाळीस डेसिबेल ही मर्यादा घातली. नियम कागदावर आहेत. त्यांचा अंमल मात्र ज्याच्या हातीं आवाजाचें बटण आहे त्याच्या विवेकावर पुष्कळसा अवलंबून राहतो. शेजारच्या घरांतील आजाऱ्यास, तान्ह्या मुलास, अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास या वांटणींत कोणताच वांटा मागावयाचा नसतो. आणि तरीही तो त्यांच्या पदरीं पडतो.

वेरूळच्या नांवानें ओळखला जाणारा संगीतमहोत्सव पूर्वीं कैलास लेण्याच्या सान्निध्यांत होत असे. पुढें तो शहरांतील सोनेरी महालाच्या आवारांत भरूं लागला. लेण्यांत पुन्हां निवांतपणा आला. दहाव्या लेण्याच्या छतांतील दगडी फांसळ्या वस्तुतः कसलाही भार वाहत नाहींत. भार सारा डोंगरच वाहतो. पण त्या एका तालांत, सारख्या अंतरानें कोरल्या आहेत, म्हणून डोळ्यास एका लयीचा आनंद देतात. नादाच्या यंत्रासही तेंच लागू आहे. वांटे सारखे असावेत, मागणी ताकदीच्या आंत असावी, आणि सर्वांनीं एका दिशेस हलावें. एवढें साधलें तर थोडी शक्तिही पुरते. न साधलें तर हजार वॅटही अपुरेच पडतात.