पाणी उभं येईल

आमचं गाव पाटणच्या खाली, कोयनेच्या काठाला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, सव्वाचारनंतर, जमीन हलली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. घराची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून आम्ही वाचलो. कोयनानगर भागात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हे पुढं कळलं. त्या अंधारात गावात एकच हाळी उठली, "धरण फुटलं, पळा!"

भीती उगाच नव्हती. सहाच वर्षांपूर्वी, 12 जुलै 1961 ला, पानशेत फुटून पुणं बुडालं होतं. आणि कोयना पानशेतच्या कितीतरी पट. शिवसागरात 98 टीएमसी पाणी मावेल असं ते बांधलेलं.

सगळे देवळाकडं निघाले. आजवरचा कुठलाच पूर देवळाच्या पायरीला लागला नव्हता. माझे आजोबा, आबा, आडवे झाले. "देऊळ पावसाच्या पुराला उंच हाय. ह्ये पाणी चढत न्हाई यायचं, उभं येईल. माळावर चला."

माझे वडील त्या रात्री नदीकाठच्या खळ्यावर राखणीला होते. आई खाली धावली तर आबांनी तिची वाट अडवली. एरवी सुनेशी ते समोरून बोलायचेही नाहीत. चुलता निघाला, त्यालाही थांबवलं. "एक खाली हाय. दुसरा न्हाई घालवायचा." मला त्या दिवशी आबांचा फार राग आला.

तांबडं फुटलं तेव्हा नदी होती तेवढीच होती. वडील बैल घेऊन वर आले. त्यांना हाळी ऐकूच गेली नव्हती.

धरण फुटलं नव्हतं, पण भेगाळलं होतं. 103 मीटर उंच भिंत. तिच्या वरच्या भागात, पाठीचा उतार जिथं बदलतो तिथं, आडव्या भेगा पडल्या. त्या बुजवून पुढं पाठीला काँक्रीटचे आधार दिले.

आबांचा हिशोब बरोबर होता का, हे मी बरीच वर्षं ताडून पाहिलं. मातीचा बांध कसा जातो ते शेतकऱ्याला ठाऊक असतं. आधी पाझरतो, मग खांड पडते, मग ती रुंदावते. थोडा तरी वेळ मिळतो. काँक्रीटची भिंत गेली तर मोठमोठे भाग एकदम जातात. त्यात हेळवाक ते पाटण खोरं अरुंद, पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते उंच चालणार. कराडला कृष्णेत आल्यावर ते पसरेल, उंची उतरेल, वेळही जास्त मिळेल. पण तिथं माणसं किती! पुढं सांगली आहेच. आणि रात्र की दिवस, हाही हिशोबच. दिवसा माणूस रानातून पाणी येताना बघेल तरी.

गंमत बघा, विजेसाठी कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीला मिळतं. भिंत गेली तर मात्र ते पूर्वेला, आमच्याकडं येणार.

नदीकाठाला निळी आणि लाल पूररेषा दाखवतात, ती पावसाच्या पुराची. धरण फुटलं तर पाणी कुठवर, ही रेषा वेगळी. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं धरणाच्या मालकानं आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे. आमच्याकडं एका कचेरीत मी नकाशा मागितला, तर साहेबांनी मलाच विचारलं, "काका, तुम्हाला कशाला हवा?" आणि डोंगरही आता भरवशाचा राहिला नाही. त्याच वर्षी जुलैत आमच्या तालुक्यात आंबेघर, मीरगावला दरडी कोसळून माणसं गेली. तेव्हा कुठला माळ, हेही बघायला हवं.

थोरल्यानं गेल्या वर्षी घर काढायचं ठरवलं, रस्त्याकडेला, देवळाच्या खाली. आम्ही पाण्याची नळी धरून उंची काढली. जोतं देवळाच्या पायरीखाली चार हात भरलं. मी म्हटलं, पाया खणायच्या आधी एकदा अंधारात आबांच्या माळापर्यंत चालू, घड्याळ लावून. त्यानं नातीला कडेवर घेतलं. तो नऊ मिनिटांत पोचला. मला माझ्या गुडघ्यांसकट बावीस लागली.

जागेवर खुंट्या ठोकल्यात, दोरी अजून बांधलेली नाही.